दीड इंचासाठी

नाही नाही, यंत्राला नावं ठेवू नका. जो येतो तो आमच्या बाथरूमच्या भिंतीकडे बघतो आणि मला हळूच विचारतो, 'यंत्र बिघडलं होतं का हो?' हे काही मला पटत नाही. यंत्र उत्तम आहे. यंत्राबद्दल माझी काडीची तक्रार नाही. बटण दाबलं की चालतं, सोडलं की थांबतं. आमच्या घरात असं वागणारं दुसरं कोणी असेल तर मला दाखवा.

त्याचं नाव रेसिप्रोकेटिंग सॉ. मी तीन दिवस पाठ करत होतो. म्हणजे करवतच, पण बॅटरीवर चालणारी, वायर नाही, शेपूट नाही, पुढे एक लांब पातं आणि ते पातं पुढे-मागे, पुढे-मागे, मिनिटाला तीन हजार वेळा. तीन हजार. आमच्या कचेरीत एक फाइल एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला सहा आठवडे लागतात, आणि अशा कचेरीत सत्तावीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाच्या हातात तुम्ही मिनिटाला तीन हजार देता? मी आजवर हातात धरलेलं सगळ्यात जड हत्यार म्हणजे स्टेपलर. तेही अडकलं की मी शिपायाला हाक मारतो.

आता तुम्ही म्हणाल, मग तू त्या फंदात पडलास कशाला. तर सांगतो. माझे वडील सुतार. साधेसुधे नव्हेत, अख्खं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं. आजूबाजूच्या दहा गल्ल्यांतली दारं, खिडक्या, जिने, कपाटं त्यांच्या हातची. आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा. सात वर्षांचा असताना मी त्यांच्या पटाशीनं पेन्सिलीला टोक काढलं होतं. त्या दिवसापासून आज पन्नाशी उलटली तरी मला त्यांच्या हत्यारांच्या पेटीला हात लावायची परवानगी नाही. पेटी झाडायची असली तर माझी बायको झाडते.

तर दोन महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात पाच आठवडे काढून घरी आणलं, ते चाकांच्या खुर्चीत. घरी सगळी तयारी होती हो. पलंग खाली केला, गालिचा गुंडाळला, उंबऱ्यावर फळी टाकली. खुर्ची सगळीकडे फिरली, फक्त एका ठिकाणी अडली. बाथरूम. खुर्चीची रुंदी पंचवीस इंच, बाथरूमच्या दाराची आतून आतून साडेतेवीस. दीड इंच. आणि ती चौकट बाबांनीच बत्तीस वर्षांपूर्वी बसवलेली. एवढी अरुंद का, असं तेव्हा आईनं विचारलं होतं, तर म्हणाले होते, 'आत काय कपाट न्यायचंय?'

पहिल्या दिवशी मी आणि बायकोनं त्यांना उचलून आत नेलं. एकदाच. ऐंशी किलोचा माणूस, माझी कंबर, तिचे गुडघे, आणि तिघं त्या दारात अडकलेलो, ना आत ना बाहेर. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. बाहेर आणल्यावर दिवसभर त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पलंगावरच ओल्या फडक्यानं पुसणं आणि ते भांडं. सुनेला खोलीबाहेर काढायचे, मला भिंतीकडे तोंड करायला लावायचे. आणि चौथ्या दिवशी बायकोच्या लक्षात आलं की पाण्याचा तांब्या सकाळी भरून ठेवावा तसा रात्री भरलेलाच असतो. पाणीच पीत नव्हते. का, तर प्यायलं की जावं लागतं.

डॉक्टर म्हणाले, 'असं चाललं तर आठवड्यात परत इथे आणाल, आणि या वेळी मी काही सांगू शकत नाही.' घरी येऊन मी बाबांच्या पुढ्यात पाटी धरली. म्हटलं, बाबा, काय हवंय ते लिहा, पण पाणी प्या. डाव्या हातानं त्यांना दोन शब्द लिहायला दहा मिनिटं लागली. 'दार लावून.' एवढंच. खोटं कशाला सांगू, मला त्या पाटीकडे बघवेना.

बोलता येत नाही म्हणून व्यायाम शिकवायला येतात त्या बाईंनी त्यांना टकटक शिकवली होती. हातात त्यांची ती घडीची लाकडी फूटपट्टी असतेच, ती खुर्चीच्या हातावर आपटायची. एक टक म्हणजे हो, दोन टक म्हणजे नाही. तीन टक बाबांनी स्वतःच काढली. तिचा अर्थ बाईंना माहीत नाही. मला वयाच्या सातव्या वर्षापासून, त्या पेन्सिलीपासून, माहीत आहे.

मग काय, चौकटीचा एका बाजूचा खांब काढायचा. तीन इंच मिळतात, खुर्ची आत जाते, प्रश्न मिटला. सोपं काम, सुताराचं काम. मी सुताराला बोलावलं. तो आला, बूट बाहेर काढले, चौकटीवरून हात फिरवला आणि दोन पावलं मागं सरला. 'ही मिस्त्रींच्या हातची. मी यावर करवत नाही लावणार, दादा. ज्याच्या हाताखाली शिकलो त्याचं काम त्याच्या डोळ्यांदेखत कापायचं नसतं.' म्हटलं, अरे, त्यांच्यासाठीच कापायचंय. 'ते खरं. पण नाही.' दुसऱ्याला बोलावलं. तो म्हणतो, 'दादा, भिंत पाडून देतो. म्हणाल तर अख्खं बाथरूम पाडून नवं बांधून देतो. पण चौकट तशीच राहील.' आता भिंत नाही आणि चौकट उभी, त्यातून काय करायचं? तिसरा? चौकटीला डोकं टेकवून रडला, चहा घेतला आणि गेला. आणि जो बाबांच्या हाताखाली शिकलेला नाही असा एक सापडला, तर तो म्हणतो, 'मिस्त्रींचं काम मी कापलं हे कळलं तर उद्या हे तिघं मला लाकूड मिळू देतील का?' एवढ्या सुतारांच्या गावात, तुम्हाला सांगतो, दीड इंचासाठी मी हात जोडून फिरत होतो.

आणि अशा वेळी कोण येणार? मेहुणा. आमचा मेहुणा यंत्रं विकत घेतो. वापरत नाही, घेतो. त्याच्या घरी गवत कापायचं यंत्र आहे आणि अंगणात फरशी आहे. तो आला तो लांबडी पेटी घेऊनच. 'दाजी, सुतार कशाला पाहिजे? हे बघा. लाकूड म्हणू नका, लोखंड म्हणू नका, खिळा म्हणू नका, लोण्यासारखं कापतं. तुम्ही नुसतं धरायचं. बाकी ते करतं.' म्हटलं, मग तूच धर की. तर म्हणतो, 'माझा खांदा दुखतोय.' आणि पेटी ठेवून गेला. दोन बॅटऱ्या, पाच पाती, चष्मा, हातमोजे, कानावर लावायचे ते मोठे वाटोळे पॅड, आणि बहात्तर पानांची पुस्तिका. यंत्र उत्तम आहे, मी पहिल्यापासून सांगतोय. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही.

ती पुस्तिका पडली आमच्या हिच्या हातात. आमची ही चौथीच्या वर्गाला शिकवते. छापील काही हातात आलं की ती उभी राहते आणि मोठ्यानं वाचते. रविवारी सकाळी दहा वाजता मी बाथरूमपुढे उभा, बाबा घरातल्या बोळात खुर्चीवर बसलेले, कारण मी नको नको म्हणत असताना एक टक करून त्यांनी स्वतःला तिथं आणवलं होतं, आणि ही मधोमध. 'पान तीन. सैल कपडे घालू नयेत. अहो, लेंगा बदला.' बदलला. 'पायात पूर्ण बंद बूट असावेत.' घातले. घरात, बाथरूममध्ये, लग्नातले काळे बूट. 'पान चार. अपुऱ्या उजेडात यंत्र चालवू नये.' दिवा लावला. 'पान पाच. यंत्र दोन्ही हातांनी धरावे. म्हणून दाखवा.' म्हटलं, काय म्हणून दाखवू? 'मी काय वाचलं ते.' दोन्ही हातांनी धरावे, मी म्हटलं. मागून एक टक आली. बाबांनाही पटलं होतं.

पात्यांच्या पिशवीतून मी सगळ्यात देखणं पातं निवडलं. बारीक बारीक दात, चकचकीत. बसवलं, यंत्र चौकटीच्या खांबाला लावलं, दिवा ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या, आणि बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला. माझे दात, माझा चष्मा, माझी सत्तावीस वर्षांची नोकरी, सगळं थडथड हलायला लागलं, आणि चौकटीतून धूर. कापणं नाही, धूर. पाच मिनिटांनी बघतो तर लाकडावर नुसता काळा ओरखडा. मागून दोन टक. वळून पाहिलं तर बाबा फूटपट्टीनं पिशवीकडे दाखवताहेत. मोठ्या दातांचं पातं. ते बारीक दातांचं पत्रा कापायचं होतं म्हणे. आता पात्यावर लिहायला काय होतं? लिहिलंच होतं, ही म्हणाली, पण आडवं.

'पातं बदलताना आधी बॅटरी काढा,' ही म्हणाली. काढली. आणि पातं उपसलं, अंगठा आणि तर्जनीनं. हातमोजा मी नेमका काढून ठेवला होता, पकड बसत नाही म्हणून. पातं कापल्यावर तापतं हो. चुलीवरच्या तव्यासारखं तापतं. आणि ते तापतं हे पान सातवर लिहिलंय. आम्ही पान सहावर होतो.

बोटं पाण्याखाली धरून, मलम लावून पुन्हा उभा राहिलो. मोठ्या दातांचं पातं. आता तरी लोण्यासारखं? कसलं. पातं लाकडात शिरेचना, ते लाकडावर उड्या मारायचं आणि त्याच्याबरोबर मी. पातं जागेवर आणि मी पुढे-मागे, पुढे-मागे. मी थांबलो. घामानं चष्मा धुकटलेला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी डावा पंजा उघडला, खुर्चीच्या हातावर टेकवला आणि दाबला. नुसता दाबला, आणि माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दाबला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पात्याच्या मुळाशी एक लोखंडी पट्टी असते, ती लाकडाला घट्ट टेकवून धरायची. ती टेकली की यंत्र हलत नाही, पातंच हलतं. आणि जोर लावायचा नाही. बाबांनी पंजा दाबला आणि दुसरीकडे मान सैल सोडली, म्हणजे इथं घट्ट, बाकी सैल.

मी पट्टी टेकवली, खांदे सोडले, बटण दाबलं. आणि कापलं हो. खरंच कापलं. भुसा पावलांवर पडायला लागला, ताज्या लाकडाचा तो वास आला, बाबांच्या अंगाला कायम यायचा तो, आणि पातं दोन बोटं आत गेलं. एकाच रेषेत. मी मागं वळून पाहिलं. एक टक. तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षांत बाबांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही वाचा गेल्यावर. इथंच थांबलो असतो तर आज मी सुखी माणूस असतो.

पण हिनं पान उलटलं. 'थांबा,' ही किंचाळली. 'पान नऊ. भिंतीमध्ये विजेच्या तारा नाहीत याची खात्री करूनच कापावे. अहो, दिव्याचं बटण कुठल्या बाजूला आहे?' आम्ही दोघांनी बघितलं. बटण याच बाजूला. कापतो त्याच खांबाच्या वितीभर पलीकडे. म्हणजे आणखी चार बोटं, आणि मी त्या काळ्या बुटांतच गेलो असतो. म्हटलं, मेन स्विच बंद करू. 'मग दिवा जाईल,' ही म्हणाली, 'आणि पान चार? अपुऱ्या उजेडात?' बाथरूमला खिडकी नाही. बरोबर होतं तिचं. पुस्तिकेतलं एकूण एक पान बरोबर होतं, हेच तर दुखणं आहे. मग आम्ही दोघांनी शांतपणे, शहाण्या माणसांसारखा विचार केला आणि ठरवलं, की धोका नको, त्या पलीकडच्या बाजूचा खांब कापू. त्या बाजूला तार नाही, नळ नाही, काही नाही.

आणि दार? दाराला हात लावायचा नाही, हे आमचं आधीच ठरलेलं. दार आत उघडून भिंतीला टेकवलेलं होतं, त्यावर चार टॉवेल, माझा लेंगा आणि हिचा गाऊन. दारासाठीच तर हे सगळं चाललेलं. बाबांना दार लावून हवं होतं.

'पान दहा,' ही म्हणाली, 'दीर्घकाळ काम करताना कान झाकावेत.' मी ते पॅड कानांवर चढवले आणि तुम्हाला काय सांगू, जगात इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. ना बायको, ना वाहनं, ना शेजारचा टीव्ही. हिनंही कानांत कापूस कोंबला, कारण पुस्तिकेत लिहिलंय की जवळ उभ्या असलेल्यांनीही. मी पट्टी टेकवली, खांदे सोडले आणि सुरू केलं.

आता मला तुम्ही सांगा, बाबांनी किती दाबून धरायचं, किती सैल सोडायचं हे शिकवल्यावर मी थांबेन का? खालचा काप झाला. शिडीवर चढून वरचा झाला. मी गुणगुणत होतो. मध्येमध्ये पाठीत काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं. मला वाटलं ढलप्या उडताहेत, यंत्र जोरदार आहे. एकदा जरा मोठी ढलपी बसली, मानेखाली. मी म्हटलं, वा. मग खांब आणि भिंतीच्या फटीत पातं घातलं. चौकट भिंतीला धरून ठेवायला आत लोखंडी पट्ट्या असतात, तीन. मेहुणा खोटं बोलला नव्हता, लोखंडही कापतं. पहिली पट्टी गेली, दुसरी गेली. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही.

तिसरी पट्टी तुटली आणि खांब माझ्याकडे झुकला. एकटा नाही. त्याच्यामागून दार आलं. टॉवेल, लेंगा, गाऊन सगळ्यांसकट सागवानी दार, सरळ माझ्या अंगावर, कारण दार बिजागऱ्यांवर लटकतं आणि बिजागऱ्या त्याच खांबाला होत्या. होत्याच की. कुठे असणार? जगात कुठल्याही दाराच्या दोन बाजू असतात, एका बाजूला कडी आणि एका बाजूला बिजागरी, हे सुताराच्या मुलाला, बत्तीस वर्षं त्या दारातून रोज चार वेळा जाणाऱ्या माणसाला, ठाऊक असायला हवं की नको? ठाऊक होतं. पण पान नऊ.

बटणावरचं बोट मी काढलं, यंत्र थांबलं, शहाण्यासारखं. ते शिडीच्या पायरीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाराला मिठी मारली. धर, म्हणून ओरडलो. ही कानात कापूस घालून, मान खाली घालून पान अकरा वाचत होती. 'काम संपल्यावर...' पुन्हा ओरडलो. 'यंत्र कोरड्या फडक्यानं पुसावे.' दार हळूहळू माझ्या बगलेतून सरकत गेलं, टॉवेल माझ्या तोंडावर, आणि खाली बेसिनचा कोपरा फुटल्याचं मी पाहिलं नाही, पायाला कळलं. तेव्हा हिनं मान वर केली आणि म्हणाली, 'झालं?'

मी कानावरचे पॅड काढले. तेव्हा ऐकू आलं. टक टक टक. टक टक टक. तीनतीनचे. फूटपट्टी नव्हती, बोटाच्या पेरांनी आपटत होते, पेरं लाल झालेली. फूटपट्टी माझ्या पायाशी पडली होती. पेन्सिल तिथंच. चष्म्याचं घर तिथंच. डाव्या पायातली चप्पल, ती मानेखालची ढलपी असावी. अर्धा तास तो माणूस एका हातानं जे सापडेल ते माझ्यावर भिरकावत होता, आणि मी गुणगुणत होतो.

खुर्ची आत गेली हो, नाही कोण म्हणतं. आरामात गेली, वर जागा उरली. आम्ही बाबांना आत नेलं, नळ सुरू केला, सगळं हाताशी ठेवलं, आणि ही बाहेर येताना सवयीनं म्हणाली, 'दार लावते हं बाबा,' आणि तिनं हात मागं नेला. हवेत. बराच वेळ तिचा हात तसाच हवेत होता. दार भिंतीला टेकून उभं होतं, एक ओरखडा नव्हता त्याला, फक्त लटकायला काही नव्हतं. मी तिथं बोळात खाली बसलो, बुटांसकट. सगळं केलं होतं, पानापानाप्रमाणे केलं होतं, आणि बाबांनी जी एकच गोष्ट मागितली होती ती मी मुळापासून कापली होती.

संध्याकाळी तिघंही सुतार आले. बातमी कशी जाते कोण जाणे. आता चौकट मुलाच्या हातून कापली गेलीच आहे, तेव्हा नवा खांब बसवायला हरकत नाही, असं त्यांचं ठरलं होतं. 'उद्या संध्याकाळपर्यंत उभा करतो, दादा.' माझा जीव भांड्यात पडला. तर बोळातून दोन टक. बाबांनी पाटी मागवली आणि लिहिलं, 'मी.' एवढंच. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, बाबांना नमस्कार केला आणि लाकूड आणून टाकून गेले.

तेव्हापासून बाबा बोळात बसून खांब करताहेत. डाव्या हातानं. मी लाकूड धरतो, कारण दुसरा हात माझा. पेटी उघडतो, पटाशी देतो, परवानगी मिळाली आहे. रोज एक तास. मेहुण्यानं 'दाजी, यंत्रानं अर्ध्या तासात होईल' म्हटलं, तर बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेटी उचलून चालता झाला. तीन आठवड्यांत वीतभर काम सरकलंय. डॉक्टर खूष आहेत. हात सुधारतोय म्हणतात, घाम येतो म्हणून पाणीही भरपूर पितात. या हिशेबानं खांब व्हायला सात-आठ महिने.

पडदा लावा, असं तुम्ही म्हणणार. लावला. त्या बाजूची भिंत आता नुसती माती, दांडी दुसऱ्या दिवशी खाली आली. शिवाय पडदा हलतो, आणि बाबा आत असताना काही हललेलं त्यांना चालत नाही. तेव्हा आता दार मीच आहे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि मधे लागेल तेव्हा. त्या भगदाडात बाहेर तोंड करून उभा राहतो, दोन्ही हात वर पसरून, पाठीमागे जाड चादर ताणून धरलेली. कुणी आलं तर मान हलवून परत पाठवतो. कचेरीत रोज उशीर होतो. साहेबांनी कारण लेखी मागितलंय. काय लिहू?

परवाची गोष्ट. सकाळची वेळ, आत बाबा, मी असा उभा. पाणी अंगावर ओतल्याचा आवाज येत होता, तांब्यामागून तांब्या, स्वतःच्या हातानं. मग आवाज थांबला. बराच वेळ काही नाही. मला वाटलं पडले की काय, पण दारानं मागं वळून बघायचं नाही असा नियम आहे. आणि मग आतून आवाज आला. घोगरा, अडखळत, पण शब्द. दोन महिन्यांतला पहिला शब्द.

'तिरकं.'

ही स्वयंपाकघरातून पळत आली, हातातलं पातेलं तसंच, आणि तोंडावर पदर धरून तिथंच रडायला लागली. मलाही भरून आलं, पण दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसायची सोय नाही. आणि आतून पुन्हा, आता जरा स्पष्ट, चांगलाच चिडलेला आवाज. 'दार... तिरकं.'

डावा हात खाली आला होता माझा, अर्धा इंच असेल. मी तो वर घेतला. आता तुम्हीच सांगा, यावर दारानं काय बोलायचं?